नळातल्या पाण्याचं वीजबिल

इंदूरच्या नळाला येणारं पाणी डोंगर चढून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते नर्मदेतून उचलतात, विंध्याची चढण चढवून वांचू पॉइंटला नेतात आणि तिथून उताराने शहराकडे सोडतात. अंतर सुमारे ७० किलोमीटर, आणि पंपांना सोसावी लागणारी चढण पाचशे मीटरच्या वर.

मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला कार्य आणि ऊर्जा हा धडा आला की मी पुस्तकातला ठोकळा आणि कप्पी बाजूला ठेवते आणि फळ्यावर जलूद ते इंदूर काढते. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. ते पाचशे मीटर वर न्यायला, काडीचीही ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तरी १.३६ युनिट वीज लागते. पंप आणि मोटरमधली घट, पाइपमधलं घर्षण मिळवलं की आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडच्या शहरी पाणीपुरवठ्याचं मानक आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला पावणेसातशे लिटर, म्हणजे सव्वा ते दीड युनिट रोज. ही वीज आपल्या मीटरवर कधीच दिसत नाही. हौदातून गच्चीवरच्या टंकीत पाणी चढवायची जी वीज दिसते, ती हिच्यापुढे किरकोळ आहे.

निमाडातून, खरगोन-बडवानीकडून शिकायला आलेली मुलं हे गणित मांडताना गप्प होतात. त्यांच्यातल्या काहींच्या गावाशेजारून हे पाइप जातात.

माझ्या सासूबाईंना नर्मदा येण्याआधीचं इंदूर आठवतं. उन्हाळ्यात नळाखाली लागलेल्या घागरींची रांग, पहाटे उठून नंबर लावणं. गंभीर नदीवरचा यशवंत सागर १९३९चा, यशवंतराव होळकरांच्या काळातला. तो, बिलावली आणि बाकीचे तलाव मिळून एके काळी शहराला पुरत होते. मग गिरण्या, वस्ती, नवी उपनगरं वाढली आणि पाणी पुरेना. १९७० मध्ये नर्मदेसाठी शहर रस्त्यावर उतरलं आणि १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला पोचलं. सासूबाई आजही नळ सुरू झाला की आधी ‘नर्मदे हर’ म्हणतात. त्या आंदोलनाबद्दल मला मनापासून आदर आहे. तहानलेल्या शहराने पाणी मागितलं, आणि ते मागणं रास्तच होतं. पण त्या दिवसापासून इंदूरची तहान विजेच्या तारेला बांधली गेली, हेही तितकंच खरं.

महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढले. गुंतवणूकदारांकडून २४४ कोटी रुपये, ८.२५ टक्के व्याजाने, आणि त्यातून जलूदच्याच परिसरात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प. आमच्या राजेंद्रनगरातल्या ओळखीच्या एक-दोन निवृत्त मंडळींनीही ते रोखे घेतले. मला हे पाऊल आवडलं. पाणी चढवण्याचा खर्च ही शहराच्या तिजोरीवरची फार मोठं भोक आहे आणि ते उन्हाने बुजत असेल तर उत्तमच. तरी वर्गात मी मुलांना पुढचा प्रश्न विचारते. वीज स्वच्छ झाली, स्वस्त झाली, मग आपण पाणी जास्त वापरू की कमी? आणि सौरऊर्जेला मेगावॅटमागे निदान चार-पाच एकर जमीन लागते, ती कोणाच्या खात्यात मांडायची?

पाणी, वीज, अन्न आणि जमीन यांचा असा एकत्र हिशोब मांडायचं संशोधन गेली काही वर्षं जगभर चाललंय. २०११ मध्ये जर्मनीत बॉनला याच विषयावर मोठी परिषद झाली आणि तिथून या कामाला वेग आला. जगात माणूस नद्यांतून आणि भूगर्भातून जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. त्यामुळे पाण्याची गोष्ट शेतात गेल्याशिवाय पुरी होत नाही. माझा या विषयाशी संबंध आला तोही शेतामुळेच.

आमची थोडी जमीन सांवेरकडे आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नोकरी सांभाळून ती राखली. आता कसणारे वाटेकरी काका आहेत आणि हिशोब माझ्याकडे. अण्णा सांगतात, “अगं, आमच्या लहानपणी पावसाळ्यात या शेतात पाय ठेवायची सोय नव्हती. काळी माती, गुडघाभर चिखल. रान तसंच मोकळं ठेवायचं, पाऊस मुरू द्यायचा आणि दसऱ्याच्या सुमारास त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. मधे एकही पाणी द्यायचं नाही.” माळव्यातली लाखो एकर जमीन पावसाळ्यात अशीच मोकळी राहायची. १९७०च्या दशकापासून त्या मोकळ्या रानात सोयाबीन आलं. ते एका मोसमाचं जास्तीचं पीक होतं, हातात रोख पैसा आला, घरं पक्की झाली. सोयाबीनला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण त्याच्या मागोमाग गव्हाची रीत बदलली. पाऊस सोयाबीनने वापरला, मग गव्हाला पाणी पाहिजे. त्यासाठी आधी विहिरीवर मोटर आली, मग बोरिंग, मग आणखी खोल बोरिंग. आपल्या पायाखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. गंगेच्या मैदानासारखा वाळूचा जाड साठा इथे नाही. म्हणून शेजारच्याच्या बोरिंगला भरपूर पाणी आणि आपलं कोरडं, असं माळव्यात गावोगाव दिसतं.

आता एका पाण्याचा हिशोब पाहा. गव्हाला एक पाणी म्हणजे शेतात साधारण सहा सेंटिमीटर उंचीचा थर. आमच्याकडचा बिघा पाव हेक्टरचा धरला तर बिघ्याला दीड लाख लिटर. शहरातल्या पाच माणसांच्या घराला एवढं पाणी सात महिने पुरेल. हे पाणी शंभर मीटरांवरून उपसलं तर नुसत्या उचलण्याला ४१ युनिट लागतात, आणि शेतावरच्या मोटरींची एकूण अवस्था बघता प्रत्यक्षात शंभराच्या घरात. गव्हाला नेहमीच्या रीतीने चार-पाच पाणी देतात. एवढी वीज जाते, पण शेतकऱ्याच्या खिशाला ती लागत नाही. शेतीच्या विजेचं बिल मोटरच्या हॉर्सपॉवरवर ठरतं, किती वापरली यावर नाही. लाइट दिवसाचे काही तासच येते, म्हणून जवळजवळ प्रत्येक मोटरला ऑटो स्टार्टर बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, मग शेताला गरज असो वा नसो.

काकांना मी एकदा विचारलं, ऑटो काढून टाकला तर? ते म्हणाले, “बाई, रात्री दोनला लाइट आली तर थंडीत बांधावर कोण जाऊन बसणार? साप-विंचवाचं रान आहे.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पाणी वाचवायचा उपदेश करणाऱ्याने आधी शेतकऱ्याला दिवसाची लाइट द्यायला हवी.

दिवसाची लाइट सौर पंप देतो. म्हणून तो मला हवाच आहे, आणि तरीही तो आला की धोकाही वाढतो, कारण उन्हाचं बिल येत नाही आणि उपशाला धरबंध राहत नाही. यावर गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २०१६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे संशोधक त्यांच्या पाठीशी होते. पंप ग्रिडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायची सोय केली. आता न उपसलेल्या पाण्याचेही पैसे मिळू लागले. म्हणजे उपसा थांबवण्यात शेतकऱ्याचा फायदा आहे, तोटा नाही. पाणी आणि वीज एकाच वेळी नजरेसमोर ठेवणाऱ्याला असं सुचतं. ऊर्जेच्या खात्यातला माणूस पंप बसवून निघून गेला असता.

आपल्या अगदी शेजारी देवासचं उदाहरण आहे. १९९०च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावं लागलेला जिल्हा. २००६ मध्ये तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना पटवलं की बोरिंगवर पैसे घालण्यापेक्षा शेतातल्या जमिनीचा थोडा तुकडा तळ्याला द्या. रेवासागर म्हणतात त्या तळ्यांना. हजारोंनी तळी झाली. मी टोंकखुर्दकडची काही पाहून आले आहे. शेताच्या कडेला तळं, काठावर छोटी मोटर. तळ्यातून पाणी पाच मीटर उचलायचं आणि बोरिंगमधून शंभर मीटर, म्हणजे उचलायच्या विजेत वीसपट फरक. जमीन दिली आणि त्या बदल्यात वीज आणि पाणी मिळवलं. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने बरंच पाणी जातं, हे खरंय, पण रब्बीचा गहू-हरभरा तोवर निघालेला असतो.

आणि बियाणं. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इथल्या शाखेने, कमी पाण्यावर येणारे गहू काढले आहेत. शरबती जातीतला हर्षिता, कठिया गव्हातला मालव कीर्ती, एक-दोन पाण्यांत येणारे. पूर्ण पाण्याच्या गव्हाएवढं उत्पन्न त्यांना येत नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण बाफले करायला मालवी कठिया गहूच लागतो आणि त्याला बाजारात भावही बरा मिळतो. एक बिघा रान, दोन पाणी कमी, म्हणजे तीन लाख लिटर भूगर्भात राहिलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

पाणी, माती, अन्न आणि कचरा यांच्याकडे एकत्र पाहणारं मोठं संशोधन इंदूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे, आणि इंदूरच्या मराठी घरांत त्याची आठवण फार कमी राहिली आहे. १९२४ मध्ये इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था सुरू केली. होळकर दरबाराने जमीन दिली, सुमारे ३०० एकर. कापसाच्या संशोधनासाठीचा पैसा होता, पण हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, त्याही वनस्पतीशास्त्रज्ञ, एकट्या कापसाकडे पाहत बसले नाहीत. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांनी आधी शेताचा निचरा नीट केला. मग सेंद्रिय द्रव्याकडे वळले. तिथे त्यांच्या बरोबर रसायनाचं काम पाहत होते यशवंत वाड. १९३१ मध्ये इंदूर पद्धतीच्या कंपोस्टवर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावं आहेत. जगभर हॉवर्डना सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष मानतात. वाडांचं नाव त्यांच्या जोडीने घेतलं गेलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

त्यांची रीत फार बारकाईने बसवलेली आहे. कापसाची पळाटी आणि तुरीची दांडकी कुजायला वेळ लावतात, म्हणून ती आवारातल्या रस्त्यांवर पसरून ठेवायची. बैलगाड्यांची चाकं आणि जनावरांचे खूर ती चिरडून मऊ करतात, वेगळी मजुरी नाही, वेगळं यंत्र नाही. गोठ्यात मातीची जमीन ठेवायची, म्हणजे ती गोमूत्र शोषते, आणि ती माती दर तीन-चार महिन्यांनी काढून कंपोस्टमध्ये घालायची. पालापाचोळा, शेण, मूत्रमाती, राख यांचे थर. ठरल्या वेळी तीनदा ढीग पालटायचा आणि हवा-ओलावा राखायचा. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. १९३४ मध्ये वाडांनी जॅक्सन यांच्यासह पुढचा निबंध लिहिला, वस्तीतला मैला आणि कचरा याच पद्धतीने शेताला कसा द्यायचा यावर. १९३५ मध्ये इंदूरला आलेले गांधीजी हे काम पाहायला तिथे गेले होते.

आज देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प आहे, फेब्रुवारी २०२२ पासून. दिवसाला ५५० टन ओला कचरा, १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन कंपोस्ट अशी त्याची क्षमता. आपल्या सिटी बस त्या गॅसवर धावतात याचा मला अभिमान आहे. वाडांचा निबंध वाचलेल्या माणसाला मात्र गॅसपेक्षा त्या शंभर टनांची ओढ लागते. भाजी आली शेतातून. तिच्यातलं नत्र, स्फुरद, पालाश शहरात आलं. गॅस होतो कार्बन आणि हायड्रोजनचा, बाकी सगळं खतात उरतं. ते खत जर शेतात परत गेलं नाही तर तेवढा युरिया लागणार, आणि युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. आपला गुना जिल्ह्यातला विजयपूरचा कारखाना गॅसवरच चालतो. म्हणजे शहरात गॅस मिळवला आणि शेतासाठी गॅस जाळला. बस किती किलोमीटर धावली याबरोबरच किती टन खत कोणत्या गावात गेलं, हा आकडाही शहराने दर महिन्याला फळ्यावर लावावा, अशी माझी मागणी आहे.

दुसरी गोष्ट नरवाईची, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांची. एप्रिलमध्ये सांवेर, देपालपूर, हातोद, कुठेही जा, हार्वेस्टरने कापलेल्या गव्हाची उभी खुंटं जळताना दिसतात. पंजाबात भात काढून गहू पेरायला दोन-तीन आठवडेच मिळतात, तिथली घाई समजू शकते. माळव्यात गहू मार्चअखेर निघतो आणि सोयाबीन जूनच्या शेवटी पेरतात. मधे तीन महिने. हॉवर्ड-वाडांच्या ढिगालाही तीनच महिने लागतात!

मग का नाही होत? हा प्रश्न मी काकांना, शेजारच्या शेतकऱ्यांना विचारत राहिले. मजुरी हे एक कारण, जनावरं कमी झाली हे दुसरं. पण सगळ्यात ठाम उत्तर आलं ते पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये ढीग ओला ठेवायला पाणी आणायचं कुठून? त्या दिवसांत बोरिंग सुकलेलं असतं, गुरांना टँकर येतो. माझ्या वाचनातल्या कोणत्याही आधुनिक अहवालाने हा प्रश्न इतका नेमका मांडला नव्हता. खत करायचं तर पाणी हवं, पाणी काढायचं तर वीज हवी, आणि खत झालं तर मातीत ओल धरून राहते आणि पुढच्या रब्बीत एखादं पाणी वाचतं. जमाखर्च कुठे जुळतो, ते कुणीतरी आपल्या मातीत मोजायला हवं.

जमिनीबद्दल थोडक्यात. सुपर कॉरिडॉर असो की बायपास, नव्या कॉलन्या ज्या मातीवर उभ्या राहतात ती माळव्यातली उत्तम काळी माती आहे. कॉलनी झाली की तिथला पाऊस मुरत नाही, तिथला गहू दुसरीकडून येतो आणि तिथे पाणी जलूदहून. हॉवर्ड-वाडांची ती जमीन आज कृषी महाविद्यालयाकडे आहे आणि चारी बाजूंनी शहराने वेढलेली आहे. तिथलं एक एकरही दुसऱ्या कामाला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर वर्षं अभ्यासाखाली असलेली माती पैसे देऊन परत मिळत नाही.

या वर्षी आम्ही हे करतो आहोत. काकांनी दोन बिघ्यांतली नरवाई जाळायची नाही, असं कबूल केलं. ती कापून आणायची मजुरी मी देणार. एक ढीग एप्रिलमध्येच घालायचा, आणि त्यावर जेवढं पाणी पडेल ते मीटरमधून मोजायचं. दुसरा ढीग कोरडाच रचून ठेवायचा आणि पहिल्या पावसानंतर त्यात शेण-माती घालून पालटायला सुरुवात करायची. हॉवर्डही पावसाळ्यात खड्ड्यांऐवजी जमिनीवर ढीग घालत, तोच आधार. दुसऱ्या ढिगाला बोरिंगचा थेंबही लागणार नाही, पण खत सोयाबीनच्या पेरणीला मिळणार नाही, रब्बीला मिळेल. ते हरकत नाही, पाण्याची टंचाई रब्बीतच असते. मग मालव कीर्तीचे तीन वाफे: एक पहिल्या ढिगाच्या खतावर, एक दुसऱ्याच्या, एक बिनखताचा. मोटरला वेगळा वीज मीटर लावून घेतला आहे. मातीची ओल माझे विद्यार्थी साध्या रीतीने काढणार आहेत, नमुना तोलायचा, भट्टीत वाळवायचा, परत तोलायचा.

सांवेर, देपालपूर, महू या भागात कुणाची शेती असेल आणि मोटरला मीटर असेल, तर एका पाण्याला किती तास मोटर चालली आणि किती युनिट पडले, एवढं लिहून ठेवा आणि मला कळवा. बोरिंगची खोली आणि बिघे सोबत लिहा. पंधरा-वीस शेतांचे आकडे जमले तरी सध्या आपल्या हातात आहे त्यापेक्षा ते पुष्कळ जास्त असतील.